भिंतीचा नाका

(गुरुजींच्या स्मरणार्थ कनेरगाव नाका येथे दिलेल्या व्याख्यानाची मुद्रणप्रत)



दोन महिन्यांपूर्वी माझ्या गणिताच्या गुरुजींच्या नातवाचा मला फोन आला. म्हणाला, "काका, आजोबांच्या खोलीचं वाचनालय करायचं ठरलंय. एसी बसवायचा आहे. किती टनाचा घ्यावा?"

मी मुंबईत चाळीस वर्षं हाच धंदा केला. खोलीची लांबी-रुंदी विचारायची, पश्चिमेची भिंत कोणती ते विचारायचं आणि आकडा सांगायचा. दोन मिनिटांचं काम. 'दीड टन' हे शब्द ओठांवर आलेही होते. पण ती खोली डोळ्यांपुढे आली. माळवदाची. भिंती दीड-दोन हात जाडीच्या. वर सागाच्या कड्या, त्यांवर फळ्या, फळ्यांवर पांढरी माती. कोपऱ्यातली देवळी. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या खोलीत बसून मी बीजगणित शिकलो, आणि बाहेर बेचाळीस अंश असताना कधी वही घामानं भिजल्याचं मला आठवत नाही. मी नातवाला म्हणालो, "आठ दिवसांनी सांगतो." आठाचे साठ दिवस झाले. मग आपल्या समितीनं या व्याख्यानाला बोलावलं, तेव्हा वाटलं, उत्तर फोनवर देण्यापेक्षा सगळ्यांसमोरच द्यावं. कारण प्रश्न एका खोलीचा नाही. वाडे, गढ्या, जुन्या शाळा, कचेऱ्या, देवळं, सगळीकडे आता हाच प्रश्न येतो आहे.

सुरुवात त्या 'टना'पासून करू. दुकानदार दीड टन, दोन टन म्हणतो तेव्हा पुष्कळांना ते यंत्राचं वजन वाटतं. ते वजन बर्फाचं आहे. दोन हजार पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता ओढून नेणारं यंत्र एक टनाचं. विजेच्या भाषेत साडेतीन किलोवॅट. थंडावा विकत घ्यायची पहिली रीत बर्फाचीच होती, त्याची ही खूण मापात राहिली. १८३४ साली अमेरिकेतल्या बोस्टनहून गलबतात भुसा भरून, त्यात जपलेला बर्फ मुंबईला उतरला. गोठलेल्या तळ्यांचा बर्फ अर्ध्या जगाला वळसा घालून आपल्या धनिकांच्या पेल्यात पडत होता!

यंत्राचा जन्म पुढचा, १९०२ सालचा. विलिस कॅरियर नावाच्या तरुण इंजिनिअरनं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यासाठी ते योजलं. तिथं कोणाला उकडत होतं म्हणून नव्हे. दमट हवेत कागद फुगायचा, कोरड्या हवेत आकसायचा, त्यामुळे रंगीत छपाईत एका रंगावर दुसरा रंग नेमका बसत नव्हता. कॅरियरला हवेतलं पाणी काबूत आणायचं होतं. म्हणजे वातानुकूलनाचा जन्म माणसासाठी झालाच नाही, कागदासाठी झाला. आणि त्याचं पहिलं काम गारवा हे नव्हतं, ओल मोजून-मापून ठेवणं हे होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा. गुरुजींच्या खोलीत कागदच आहेत.

आता आपल्या गावाच्या नावाकडे येतो. कनेरगावाला 'नाका' का म्हणतात ते इथल्या पोरालाही ठाऊक आहे. पैनगंगेच्या अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे इंग्रजांच्या ताब्यातलं वऱ्हाड. मधे करोडगिरीचा नाका. माल जाताना-येताना थांबायचा, कारकून वहीत नोंद करायचा, जकात घ्यायचा, सोडायचा. नाका म्हणजे बंद दरवाजा नव्हे. नाक्यावरून सगळं जातं, पण मोजून जातं. माणसांचं येणंजाणं, सोयरिकी, बोली यांना तर त्या नाक्यानं कधी अडवलंच नाही. 'काऊन रे' वाशीमलाही आणि हिंगोलीलाही. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली, पुढे करोडगिरीही गेली. गावाच्या नावात नाका राहिला.

जुनी भिंत ही असा नाका आहे. माती, चुना, वीट, सच्छिद्र दगड यांच्यातून पाण्याची वाफ सावकाश ये-जा करते. पावसाळ्यात भिंत ओल पिते, उन्हाळ्यात सोडते. उष्णतेचंही तेच. वैशाखातलं दुपारचं ऊन बाहेरच्या अंगावर पडतं आणि आतल्या अंगाला पोचेपर्यंत रात्र होते. तोवर बाहेर गार झालेलं असतं, आपण खिडक्या, झरोके उघडतो, भिंतीत साठलेली ऊब निघून जाते, सकाळी भिंत पुन्हा रिकामी. जुन्या घरातली आजी दहा वाजता खिडक्या लावून घ्यायची आणि दिवेलागणीनंतर उघडायची. तिला कोणी उष्णतेचं शास्त्र शिकवलं नव्हतं. नाका कधी लावायचा आणि कधी उघडायचा, हे तिला ठाऊक होतं.

एसीची मागणी याच्या नेमकी उलट असते. त्याला घर सदैव बंद हवं. फट दिसली की ती बुजवा, झरोका दिसला की काच लावा. काँक्रीटच्या पेटीला हे चालतं, कारण तिची भिंत मुळातच मुकी आहे. मातीच्या घराला ते सोसेलच असं नाही. जुन्या इमारतीत यंत्र बसवणं अवघड का, तर भोक पाडावं लागतं म्हणून नव्हे. दोन उलट स्वभावांचा संसार मांडायचा असतो म्हणून.

तो संसार कुठे मोडतो? श्रावणात फ्रिजमधली बाटली ओट्यावर ठेवा. पाच मिनिटांत तिच्यावर घाम. पावसाळी हवा अठ्ठावीस अंशांची आणि नव्वद टक्के दमट असली, तर सव्वीस अंशांपेक्षा गार जे जे असेल त्यावर दव धरणारच. आता खोली बावीस अंशांवर आणा. भिंतीचं आतलं अंग गार, बाहेरची हवा दमट. वाफ बाहेरून आत शिरते आणि गार थराला लागली की तिथंच पाणी होते. आतून नुसता चुना असला तर ते पाणी सुकायला वाट तरी असते. पण आतून तैलरंग, प्लायवूड, व्हिनायल काही लावलेलं असलं तर पाणी त्याच्या मागे कोंडतं. मग लोणा लागतो, पोपडे सुटतात, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे भिंतीत रुतलेली लाकडी कड्यांची तोंडं कुजतात. वरून काही दिसत नाही. जेव्हा दिसतं तेव्हा छत खाली वाकलेलं असतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. ऐन उमेदीत मुंबईतल्या एका दगडी इमारतीच्या दिवाणखान्यात मी एसी बसवला. इमारतीचं नाव सांगत नाही, चूक माझी होती. मालकांना वीस अंश हवे होते, मी वीस दिले. दगडाच्या भिंतीला आतून प्लायवूडचं अस्तर, वर खोटं छत, त्यात पाइप लपवलेले. फार देखणं दिसत होतं. दोन पावसाळ्यांनंतर बुरशीचा वास येतो म्हणून बोलावणं आलं. खोटं छत उतरवलं तर सागाच्या दोन कड्यांची तोंडं हातानं कुसकरत होती. शंभर वर्षांचा साग. त्यानं मुंबईचे शंभर पावसाळे पचवले होते, माझे दोन त्याला पचले नाहीत. त्या दिवशी गुरुजी आठवले. गणिताचं उत्तर बरोबर आलं की ते म्हणायचे, "बाबू, उत्तर बरोबर आहे. आता सांग, प्रश्न काय होता?"

मंडळी, अशी चूक करणारा मी पहिला नव्हतो. आपल्याच मराठवाड्यातलं उदाहरण घ्या. अजिंठ्याची चित्रं टिकावीत म्हणून निजाम सरकारनं १९२० च्या सुमारास इटलीहून दोन जाणकार बोलावले, लोरेन्झो चेक्कोनी आणि त्यांचे सहकारी ओर्सिनी. हेतू उत्तम, खर्च मोठा. त्यांनी सुटणारे गिलावे पक्के केले आणि पुष्कळ चित्रांवर लाखेच्या वार्निशचा थर दिला. चित्रं उजळून निघाली. पुढे तेच वार्निश पिवळं-काळपट पडलं, त्याचे पोपडे सुटताना खालचा रंगही धरून ओढू लागले, आणि नंतरच्या पिढीतल्या रसायनतज्ज्ञांना ते काढत बसावं लागलं. मातीच्या गिलाव्यावर चकचकीत थर देणं म्हणजे नाका बंद करणं.

दुसरं उदाहरण फ्रान्सचं आणि ते तर थेट आपल्या यंत्राचं आहे. लास्को इथली आदिमानवाची चित्रगुहा १९४० मध्ये सापडली, १९४८ मध्ये लोकांना खुली झाली. दिवसाला हजार-बाराशे माणसं येऊ लागली. श्वासाची वाफ, कर्बवायू, दिव्यांचा प्रकाश. भिंतींवर हिरवं शेवाळ चढलं. मधे हवा नियंत्रित करणारी यंत्रं बसवली, तरी १९६३ मध्ये गुहा बंद करावी लागली. पुढे २००० च्या सुमारास नवी यंत्रणा बसवली आणि लगोलग, २००१ मध्ये, पांढऱ्या बुरशीनं गुहेत थैमान घातलं. यंत्र बसवण्याच्या कामानं आणि हवेच्या बदललेल्या वाटांनी गुहेचा तोल ढळला, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. हजारो वर्षं जी हवा कोणी हलवली नव्हती, ती हलवली.

माणूस म्हणजे काय, हेही या हिशेबात धरा. स्वस्थ बसलेला माणूस साधारण शंभर वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बाइतकी उष्णता टाकतो. तीस माणसं म्हणजे जवळपास एक टन, यंत्राच्या भाषेत. आणि ही तीस माणसं तीन तास बसली तर श्वासा-घामातून चार-पाच लिटर पाणी हवेत सोडतात. औंढ्याला नागनाथाच्या गाभाऱ्यात त्या अरुंद पायऱ्यांनी उतरून वर आलेला भाविक घामानं निथळत असतो, तेव्हा दोष यादवकाळच्या दगडाचा नसतो. आपण एका वेळी किती जण आत उतरतो, त्याचा असतो. अशा जागी पहिला उपाय गारवा नव्हे. पहिला उपाय म्हणजे एका वेळची गर्दी कमी करणं, दुसरा म्हणजे कोंडलेली हवा बाहेर काढणं. यंत्राचा विचार त्यानंतर.

तर मग जुन्या इमारतीत एसी बसवूच नये का? असं मी म्हणणार नाही. 'जुनं ते सोनं' म्हणत घाम पुसत बसा, हा उपदेश करायला मी मुंबईहून आलेलो नाही. ऊन वाढलं आहे, म्हातारीकोतारी माणसं उष्माघातानं दगावतात. आणि माळवदाच्या घराचं कौतुक करताना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विसरता येत नाही. किल्लारीला माणसं भूकंपापेक्षा दगड-मातीच्या भिंतींखाली आणि छपरांच्या ओझ्याखाली मेली. त्यानंतर मराठवाड्यानं माळवदाची धास्ती घेतली, ती उगाच नाही. आपल्याकडे औंढा, वसमत, कळमनुरीच्या बाजूला जमिनीतून आवाज येतात, आणि २१ मार्च २०२४ च्या सकाळी भूकंपाच्या धक्क्यानं सगळेच घराबाहेर पळाले होते. म्हणून सांगतो, माळवदावर एसीचं बाहेरचं यंत्र ठेवण्याचा विचारही करू नका. पाण्याची टाकीही नको. त्या छताला आधी स्वतःचं ओझं पेलू द्या.

काही इमारती यंत्र मनात धरूनच जन्मल्या. मुंबईचं रीगल चित्रपटगृह १९३३ चं, वातानुकूलित म्हणूनच मिरवलेलं. त्याच सुमारास इंदूरला यशवंतराव होळकर दुसरे यांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग राजवाडा बांधून घेतला, त्यातही वातानुकूलन होतं. गंमत अशी की त्या राजवाड्यात पुढे सीमाशुल्क आणि अबकारी कराची कचेरी आली. म्हणजे तोही शेवटी नाकाच झाला!

काही इमारतींत यंत्र मागाहून शिरलं आणि नांदलं. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस घ्या. १९११ मध्ये पाचव्या जॉर्जच्या भेटीच्या वेळी त्याचं उद्घाटन झालं. पुढे ते चित्रपटगृह झालं, १९९३ मध्ये बंद पडलं. वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली त्याचा जीर्णोद्धार झाला आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये पडदा पुन्हा वर गेला. पुढच्या वर्षी युनेस्कोचा सन्मानही मिळाला. आज तिथं वातानुकूलन आहे, आणि असायलाच हवं. पाचशेहून अधिक माणसं दारं लावून गाणं ऐकणार, तर रस्त्यावरच्या गोंगाटामुळे खिडकी उघडून चालणार नाही. पण तिथं नुसता एसी बसवणारा गडी गेला नव्हता. आधी इमारत वाचली गेली, जुने थर खरवडून मूळ रंग शोधले गेले, आणि मग नवं काय कुठून न्यायचं ते ठरलं. मुंबईनं १९९५ मध्ये वारसा-नियम केले, इमारतींच्या श्रेणी ठरवल्या, त्यामुळे एवढं तरी विचारून करावं लागतं. आपल्या खेड्यातल्या वाड्याला श्रेणी नाही, समिती नाही. त्याची समिती म्हणजे आपणच.

या धंद्यातून शिकलेले चार नियम सांगतो. पहिला: जे बसवाल ते उद्या काढता आलं पाहिजे, आणि काढल्यावर घर जसंच्या तसं राहिलं पाहिजे. दुसरा: भिंतीत खाच मारू नका. पाइप, वायर, हवेचा मार्ग जुन्या वाटांनी न्या. झरोका आहे, धुराडं आहे, मोरीचं तोंड आहे. घरानं वाटा ठेवलेल्याच असतात. तिसरा: दमट दिवसांत दीड टनाचं यंत्र बादली-दोन बादल्या पाणी टाकतं. ते पाणी पायाशी मुरलं तर मातीची भिंत खालून विरघळते. त्याची नळी आधी ठरवा, यंत्र मागून. आणि चौथा: जुन्या वायरवर नवं यंत्र जोडू नका. कापडी वेष्टणाच्या तारा आणि सागाची फळी हे आगीला आमंत्रण आहे.

पण या सगळ्याआधीचा प्रश्न वेगळाच आहे: यंत्राशिवाय गारवा मिळतो का? त्याचं उत्तर आपल्याच मुलखातल्या जुन्या माणसांनी देऊन ठेवलं आहे. छत्रपती संभाजीनगरला पाणचक्कीवर मोठा हौद आहे. त्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत. वर पाणी, खाली गारवा. डोंगरातून खापराच्या नळांनी आलेल्या पाण्यानं पीठही दळलं आणि यात्रेकरूंना सावलीही दिली. धाराशिव जिल्ह्यात नळदुर्गच्या किल्ल्यात इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, बोरी नदीवर बंधारा घातला आणि बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल बांधला. पावसाळ्यात माथ्यावरून नदी कोसळते आणि आत माणूस कोरडा बसतो. पंढरपूरला गुढीपाडव्यापासून मृगापर्यंत विठ्ठलाला चंदनाची उटी लावतात. देवालाही ऋतू असतात आणि गारव्याला शेवटची तारीख असते, हे आपल्या लोकांनी ठरवूनच टाकलेलं होतं. मृग लागला की उटी बंद. आपला एसी मात्र मृगातही चालू, श्रावणातही चालू, आणि भिंती कुजतात त्या नेमक्या तेव्हाच.

आपल्या भागाचं एक भाग्य आहे. आपला उन्हाळा कोरडा. मुंबईला जे जमत नाही ते इथं जमतं. वाळ्याचा पडदा ओला केला किंवा साधा कूलर लावला तरी बेचाळीस अंशांच्या कोरड्या हवेतले दहा-पंधरा अंश उतरतात, आणि खिडकी उघडी ठेवावी लागते, म्हणजे घराचा स्वभावही मोडत नाही. कूलर पुस्तकांवर मात्र सोडू नका. माणसांच्या बाजूला ठेवा.

आता नातवाच्या प्रश्नाचं उत्तर. गुरुजींच्या खोलीत दोन वेगळे पाहुणे राहणार आहेत, माणसं आणि कागद, आणि दोघांच्या गरजा एक नाहीत. वाचणाऱ्या माणसांना चैत्र-वैशाखात गारवा हवा. कागदाला वर्षभर एकसारखी हवा हवी, कॅरियरच्या छापखान्यासारखी. म्हणून सगळ्या खोलीत एसी नको. वाचकांसाठी आधी माळवद दुरुस्त करा, गळणारी जागा बंद करा, बुजवलेला झरोका उघडा, भिंतीवरचा तैलरंग खरवडून चुन्याची सफेदी द्या, दक्षिणेला एक लिंब लावा आणि उन्हाळ्यात कूलर वापरा. पोथ्या आणि जुन्या वह्या मात्र शेजारच्या लहान कोठीत हलवा. ती मागून बांधलेली विटा-सिमेंटची आहे, बंद राहू शकते. तिथं लहानसं यंत्र बसवा, त्याचं काम गार करणं नव्हे तर ओल काबूत ठेवणं. किती टन? माझा अंदाज पाऊण टनाच्या आतबाहेर. पण अंदाजावर मी आता काम करत नाही, दोन कड्या गमावल्या आहेत.

म्हणून एक विनंती. बाजारात तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारं लहान यंत्र काही शे रुपयांना मिळतं. एक त्या खोलीत टांगा, एक कोठीत, एक बाहेर ओसरीवर. शाळेतली दोन पोरं नेमा. सकाळी, दुपारी, रात्री आकडे वहीत लिहायचे. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, असं एक वर्ष. आत काय आलं, बाहेर काय गेलं, कधी आणि किती. या गावाला असली वही नवी नाही. नाक्यावरचा कारकून तेच करत होता. माल जाऊ देण्याआधी नोंद.

पुढच्या वर्षीच्या व्याख्यानाला मी श्रोत्यांत बसेन. त्या दिवशी ती वही माझ्या हातात द्या. यंत्राचा आकडा मी तिथंच, पहिल्या रांगेतून, सांगतो.